गिल कुणाच्या हातात आहे?

प्रश्न : आमचं सी++ मधलं ॲप्लिकेशन मशीनवरच्या सेन्सरचा डेटा तपासतं. तपासणीचे नियम ग्राहकाला स्वतः लिहिता यावेत म्हणून आत पायथनचा इंटरप्रिटर बसवला आहे. मेन थ्रेडमध्ये पाय_इनिशियलाइझ होतं आणि आठ वर्कर थ्रेड स्क्रिप्ट चालवतात. आधी अधूनमधून क्रॅश व्हायचा. मग प्रत्येक कॉलच्या आधी गिल घेणारं पायगिलस्टेट_एन्शुअर आणि नंतर ते सोडणारं पायगिलस्टेट_रिलीज घातलं. आता सगळे वर्कर थिजून बसतात, सीपीयूचा वापर शून्य. काय चुकतंय? आणि हे सुटलं तर आठही कोअर वापरले जातील का?

उत्तर : वर्करचा कोड कितीही चाळलात तरी थिजण्याचं कारण तिथे सापडणार नाही. दोष मेन थ्रेडमध्ये आहे. पाय_इनिशियलाइझ पूर्ण होतं तेव्हा गिल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक), म्हणजे ज्याच्या हातात असेल त्याच थ्रेडला पायथन चालवता येतं असं इंटरप्रिटरचं ते एकमेव मोठं कुलूप, त्याच थ्रेडच्या ताब्यात असतं. तुमचा मेन थ्रेड बहुधा तिथून थेट इव्हेंट लूपमध्ये जातो आणि गिल बगलेत घेऊनच जातो. मग आठही वर्कर एन्शुअरवर ताटकळणार, दुसरं काय होणार? इनिशियलाइझच्या पुढच्याच ओळीत पायइव्हल_सेव्हथ्रेड बोलवा, ते गिल सोडतं, आणि त्यातून मिळणारा पॉइंटर सांभाळून ठेवा, बंद करताना लागेल. जुन्या लेखांमध्ये इथे पायइव्हल_इनिटथ्रेड्स लिहिलेलं दिसेल. पायथन ३.७ पासून ते काम पाय_इनिशियलाइझच करतं, तेव्हा त्याच्या नादी लागू नका.

क्रॅश थांबला असंही इतक्यात समजू नका. तुमच्या कोडमध्ये वर्करच्या रांगेत टाकायचे लॅम्डा (छोटी निनावी फंक्शनं) शोधा आणि त्यातल्या एखाद्याने पायथन ऑब्जेक्टचं रॅपर (त्याला धरून ठेवणारा सी++ ऑब्जेक्ट) कॅप्चर केलंय का ते बघा. असा लॅम्डा कॉपी झाला की आतल्या ऑब्जेक्टचा रेफरन्स काउंट (त्याला किती जण धरून आहेत तो आकडा) वाढतो, नष्ट झाला की घटतो. नेहमीच्या पायथनमध्ये ही वाढ-घट ॲटॉमिक (मध्ये दुसरा थ्रेड न घुसता एका दमात होणारी) नसते, ती गिलच्या भरवशावर चालते. तुम्ही कॉलभोवती एन्शुअर घातलंत, पण रांगेत ढकलताना होणारी कॉपी त्या कुंपणाबाहेरच राहिली. दोन थ्रेडनी एकाच वेळी काउंट वाढवला तर एक वाढ हरवते, ऑब्जेक्ट वेळेआधी मोकळा होतो आणि प्रोग्रॅम बऱ्याच वेळाने भलत्याच ठिकाणी, अनेकदा गार्बेज कलेक्टरच्या (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागाच्या) आत, कोसळतो. स्टॅक ट्रेस बघून लोक कलेक्टरलाच दोष देतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. माझा उपाय साधा आहे : रांगेत पायथन ऑब्जेक्ट ठेवूच नये. स्क्रिप्टचं नाव आणि आकडे सी++ च्या साध्या स्ट्रक्टमध्ये ठेवा, ऑब्जेक्ट वर्करने गिल घेतल्यावर बनवावा आणि गिल सोडण्याआधी टाकून द्यावा.

पुढचा खड्डाही आत्ताच दाखवतो, कारण तुम्ही त्यात पडणारच आहात. एक वर्कर तुमच्या कॉन्फिगरेशनचं म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) घेतो आणि ते हातात असताना स्क्रिप्ट चालवायला गिल मागतो. त्याच वेळी दुसऱ्या वर्करची स्क्रिप्ट गिल घेऊन चालू आहे आणि ती तुमच्याच सी++ फंक्शनला बोलावते. ते फंक्शन तेच म्यूटेक्स मागतं. दोघेही कायमचे उभे. जीडीबी या डीबगरमध्ये ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ दिलंत तर एका थ्रेडच्या स्टॅकवर टेक_गिल आणि दुसऱ्याच्या स्टॅकवर म्यूटेक्सचं लॉक दिसेल. ही जोडी दिसली की निदान झालं. तेव्हा आपलं कोणतंही कुलूप हातात असताना पायथनमध्ये शिरू नका. पायथनने बोलावलेल्या फंक्शनमध्ये कुलपासाठी थांबायची वेळ आली, तर थांबण्याआधी गिल सोडा आणि आपलं कुलूप सोडल्यावरच गिल परत घ्या. रेफरन्स काउंट घटवणारी ओळही निरुपद्रवी समजू नका. शेवटचा रेफरन्स गेला तर ऑब्जेक्टचा डेल (नष्ट होताना चालणारं फंक्शन) चालतो आणि त्यात ग्राहकाने काय लिहून ठेवलंय ते आपल्याला थोडंच माहीत असतं.

आता आठ कोअर. नियम शुद्ध पायथनमध्ये असतील तर आठ थ्रेडना मिळून साधारण एकाच कोअरचं काम मिळेल. वर, गिल धरून बसलेल्या थ्रेडला ‘आता सोड’ असं सांगण्याआधी बाकीचे ५ मिलिसेकंद वाट बघतात. तो आकडा बदलता येतो, पण सेन्सरच्या डेटाला उशीर चालत नसेल तर हे लक्षात घ्या. बहुतेक वेळ फाइल, नेटवर्क किंवा गिल सोडून गणित करणाऱ्या लायब्ररीत जात असेल, तर मात्र फायदा दिसेल. आधी मोजा.

पायथन ३.१२ पासून प्रत्येक उप-इंटरप्रिटरला स्वतःचं गिल देता येतं. पण तिथे आपण चालतो असं प्रत्येक सी एक्स्टेन्शनने (सी मध्ये लिहिलेल्या मॉड्यूलने) जाहीर करावं लागतं, नाहीतर इम्पोर्टच नाकारला जातो. शिवाय पायगिलस्टेटची फंक्शनं मुख्य इंटरप्रिटर गृहीत धरतात, म्हणजे तुमचं आत्ताचं सगळं कुंपण उपटावं लागेल. ३.१३ मध्ये गिल नसलेलं वेगळं बिल्ड आलं. त्यातही तयार नसलेलं एक्स्टेन्शन इम्पोर्ट झालं की इशारा देऊन गिल परत चालू होतं. तुमच्या जागी मी वेगवेगळ्या प्रोसेस काढीन. ग्राहकाच्या स्क्रिप्टने घोळ घातला तर ती प्रोसेस मरेल, मशीनवर नजर ठेवणारं ॲप्लिकेशन तरी जिवंत राहील.

बंद करताना : सगळे वर्कर संपेपर्यंत इंटरप्रिटर बंद करणारं पाय_फायनलाइझएक्स बोलवू नका. वर्करना जॉइन करताना, म्हणजे ते संपायची वाट बघताना, मेन थ्रेडकडे गिल नसावं. जॉइन झाल्यावर जपून ठेवलेला पॉइंटर पायइव्हल_रिस्टोअरथ्रेडला द्या, ते गिल परत घेतं, मगच फायनलाइझ. क्रम उलटा झाला तर ३.१३ पर्यंतचं पायथन गिल मागायला आलेला थ्रेड तिथल्या तिथे संपवून टाकतं, आणि सी++ ला ते मुळीच मानवत नाही.

प्रश्न : आम्ही पायथनऐवजी लुआ ही स्क्रिप्टची भाषा घेतली. लुआ_न्यूथ्रेड वापरून प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र स्टेट (इंटरप्रिटरची स्वतःची प्रत) दिली, तरी मेमरी बिघडते. असं का?

उत्तर : कारण ती स्वतंत्र नाहीच. लुआ_न्यूथ्रेड देतं ती कोरुटीन, म्हणजे त्याच स्टेटमध्ये आळीपाळीने चालणारं काम. तिचा स्टॅक वेगळा, पण ग्लोबल आणि गार्बेज कलेक्टर मूळ स्टेटचेच, आणि आत कुलूप नाही. लुआ_लॉक नावाचा मॅक्रो आहे खरा, पण नेहमीच्या बिल्डमध्ये तो रिकामा असतो. प्रत्येक थ्रेडमध्ये लुआएल_न्यूस्टेट वापरा. लुआच्या सी कोडमध्ये स्टेटबाहेरचं ग्लोबल व्हेरिएबल नाही, त्यामुळे अशा स्टेट शेजारी शेजारी सुखाने नांदतात. एकीतून दुसरीत फक्त आकडे आणि स्ट्रिंग कॉपी करून पाठवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगून ठेवतो. लुआ सी म्हणून कंपाइल केलेली असेल तर लुआ_एरर लाँगजम्प मारतं, म्हणजे मधली फंक्शनं ओलांडून थेट मागे उडी घेतं. तुमच्या फंक्शनमध्ये त्याआधी लॉक_गार्ड (आपल्या डिस्ट्रक्टरमध्ये कुलूप आपोआप सोडणारा ऑब्जेक्ट) घेतलेला असेल तर त्याचा डिस्ट्रक्टर चालेल याचा भरवसा नाही आणि म्यूटेक्स बंदच राहू शकतं. एकतर लुआ सी++ म्हणून कंपाइल करा, म्हणजे ती एक्सेप्शन फेकेल. नाहीतर लॉकचा ब्लॉक संपल्यावरच, बाहेर येऊन, एरर द्या.