जुन्या मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटमध्ये नवा एटीएक्स मदरबोर्ड बसेल का, की कॅबिनेटही बदलावं लागेल?

बसणार नाही, कॅबिनेट बदलावंच लागेल. एटीएक्स बोर्ड 305 × 244 मिमी असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त 244 × 244. म्हणजे तुमचा नवा बोर्ड खालच्या बाजूने सहा सेंटीमीटर जास्त येतो, आणि तिथे बहुधा पॉवर सप्लाय किंवा कॅबिनेटचा तळच आडवा येतो. उलटं मात्र चालतं: मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बिनधास्त बसतो, कारण वरची स्क्रूची भोकं दोन्हींना सारखीच.

दुकानात डबा उघडायची सोय नसेल तर मागच्या बाजूच्या, कार्डांच्या जागा झाकणाऱ्या आडव्या पट्ट्या मोजा. सात असतील तर साधारणपणे एटीएक्स, चारच असतील तर मायक्रो. मी मशीन जोडताना आधी तेच बघतो. बोर्ड बसला म्हणजे झालं असं नाही, हेही तपासा:

- ग्राफिक्स कार्डची लांबी कॅबिनेटमधल्या जागेत मावते का (पुढे लिक्विड कूलिंगचा रेडिएटर लावणार असाल तर त्या जागेतून त्याची जाडी वजा करून)
- प्रोसेसर कूलरची उंची; बरेच टॉवर कूलर 155-160 मिमीचे असतात

बसवताना बोर्डाच्या भोकाखाली न येणारा पितळी स्टँडऑफ (बोर्ड कॅबिनेटपासून उचलून धरणारा छोटा खांब) आधी काढून टाका, नाहीतर तो बोर्डाला मागून टेकून शॉर्ट होऊ शकतो.

एक अपवाद: बोर्डावर ‘ई-एटीएक्स’ (एटीएक्सहून रुंद प्रकार) लिहिलं असेल तर नावावर जाऊ नका. त्याची रुंदी कंपनीगणिक बदलते, मिलिमीटरच जुळवून घ्या.