जर्मनीत कुणाला 'भेटूया का' विचारायचं, पण जीभच रेटत नाही

"मॅडम, इथं येऊन वर्ष होत आलं, पण एकही जर्मन मित्र नाही." आखेन, म्युनिक, श्टुटगार्ट, गाव कुठलंही असो, माझ्याकडे समुपदेशनाच्या ऑनलाइन सेशनला बसलेली आपली मराठी पोरं हे एकच वाक्य बोलतात, आणि त्याला जोडूनच येतं की माझं जर्मन कच्चं आहे हो.

असाच एक सोलापूरकडचा मुलगा. जर्मन भाषेची बी-वन ही मधल्या पातळीची परीक्षा पास, लॅबमधल्या एका मुलीशी रोज बोलणं, पण कॉफीला चल म्हणायची हिंमत नाही. मी म्हटलं, "काय लिहिणार होतास ते वाच." मोबाइलमध्ये ड्राफ्ट तयारच होता, तू बिझी नसशील तर, तुला चालणार असेल तर, कधीतरी वेळ मिळाला तर... व्याकरण छान होतं, हं.

"दिवस कुठला?"

"दिवस नाही लिहिला."

"का?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दिवस लिहिला तर ती नाही म्हणेल ना."

इथंच गाठ सुटली! मी इतकी वर्षं हेच बघत आलेय, भाषा अडत नाही, नकार नको म्हणून आपण विचारणंच गुळमुळीत करतो. आपल्याकडे 'या एकदा घरी' म्हटलं की भागतं, तिकडं बरेच जण आठवडा कॅलेंडरमध्ये लावून बसलेले, त्यांना वार, वेळ, जागा सांगितली तरच ते खरं आमंत्रण वाटतं.

मी अल्बर्ट एलिसच्या पठडीतली. हा अमेरिकन मानसतज्ज्ञ, एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायची भीती घालवायला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी बायकांशी जाऊन बोलला, भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही, पण भीती पळाली. हे सांगितल्यावर पोरगा पहिल्यांदा हसला.

मग आम्ही मेसेज एका ओळीचा केला: "हास्ट डू लुस्ट, आम डोनर्सटाग नाख डेअर फोरलेझुंग आइनेन काफे त्सू ट्रिंकन?" म्हणजे गुरुवारी लेक्चरनंतर कॉफी घ्यायची का. विद्यार्थी आपसात 'डू' म्हणजे 'तू'च म्हणतात, प्रोफेसर किंवा शेजारच्या आजी असतील तर 'झी' म्हणजे 'तुम्ही' आणि 'हेटन झी त्साइट', तुम्हाला वेळ असेल का.

पुढच्या सेशनला तोंड पाडून हजर. "नाही म्हणाली. लायडर निश्ट." म्हणजे दुर्दैवानं नाही जमणार. मी म्हटलं पूर्ण वाच. पुढं होतं, "आबर फ्राइटाग उम हाल्ब फिअर?" शुक्रवारी साडेतीनला जमेल का, असं तीच विचारत होती आणि हा पठ्ठ्या 'लायडर'वरच थांबलेला! (हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन, माझा दुसरा एक क्लायंट साडेचारला पोचला होता.)

तेव्हा पोरांनो, आधी उत्तर शेवटपर्यंत वाचा. दुसरा दिवस सुचवला तर नकार फक्त त्या तारखेला आहे. दोनदा विचारूनही दुसरा दिवस सुचवला नाही तर तिसऱ्यांदा विचारू नका, लॅबमध्ये नेहमीसारखं बोलत राहा. ठरलं तर वेळेवर पोचा, उशीर होणार असेल तर आधी कळवा. आणि कॉफी म्हणजे कॉफीच, त्यात लगेच लग्नाचं स्थळ बघू नका, समोरची मुलगी असो की मुलगा.

गुरुवारी रात्री त्याचा मेसेज आला, "मॅडम, बिल मी द्यायचं का?" म्हटलं, वेटर विचारेल 'त्सुझामन ओडर गेट्रेन्ट', एकत्र की वेगवेगळं. वेगवेगळं सांग आणि आपापलं भरा, त्यात कुणाचा अपमान नाही.