पोटात गॅस झाला की हृदयाचे ठोके चुकतात, हे खरं आहे का?

रात्री जेवण झालं की पोट फुगतं, ठोका चुकल्यासारखा वाटतो, पण ईसीजी नॉर्मल आलाय, असं तुम्ही लिहिलंय. हो, संबंध आहे. व्हेगस ही मेंदूतून निघणारी मज्जातंतूची नस जठरालाही जाते आणि हृदयालाही. पोट तट्ट फुगलं की तिच्यामार्फत ठोक्यांची लय बिघडू शकते. रोमहेल्ड या जर्मन डॉक्टरांनी १९१२ साली हे मांडलंय, म्हणजे मनाचे खेळ नव्हेत.

पण तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, "गॅसची गोळी रोज चालूच आहे." त्या एका ओळीसाठी मी लिहायला बसलो.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. सौदे सुरू झाले की जेवणाला वेळ नाही. दिवसभर चहा आणि भडंग, रात्री दहाला भाकरी. करपट ढेकरांनी जीव नकोसा झालेला. साडूंचं औषधाचं दुकान आहे. त्यांनी पँटोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारं) आणि डॉम्पेरिडॉन (पोट लवकर रिकामं करणारं) एकत्र असलेली कॅप्सूल दिली, सकाळी उपाशीपोटी एक. बरं वाटलं. मग दोन वर्षं दर महिन्याला तीन स्ट्रिपा घरपोच यायच्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

गेल्या मार्चमध्ये तीन दिवस जुलाब झाले. चौथ्या रात्री पोटऱ्यांत गोळे आले आणि छातीत दोन ठोके नीट, मग एक पोकळ, मग धाडकन एक मोठा, असं सुरू झालं. साडूंना फोन लावला. म्हणाले, "पाव्हणं, गॅसच हाय. अजून एक घ्या." बायकोनं ऐकलं नाही. रिक्षात घालून सरळ मिरजेला नेलं.

रक्तात पोटॅशियम ३.१, मॅग्नेशियम १.१, दोन्ही कमी. ईसीजीत मधेमधे अवेळी ठोके, आणि क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ, लांबलेला. डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "रोज कुठली गोळी घेता?" पँटोप्राझोलच्या जातीची औषधं वर्षानुवर्षं घेतली की काहींचं मॅग्नेशियम घटतं. ते घटलं की पोटॅशियमही टिकत नाही. उरलंसुरलं जुलाबात गेलं. वर डॉम्पेरिडॉन स्वतःच क्यूटी लांबवणारं. युरोपात २०१४ पासून ते शक्यतो आठवडाभरच द्या असं सांगितलंय. मी दोन वर्षं घेत होतो! सलाईनमधून मॅग्नेशियम दिलं, दुसऱ्या दिवशी ठोके ताळ्यावर.

तुम्ही पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि थायरॉईड तपासून घ्या. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंद बघतो, तेव्हा चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावायचं का ते विचारा. रात्रीचं जेवण आठच्या आत. डॉक्टरांकडे जाताना रिकामी स्ट्रिप खिशात न्या, नुसतं "गॅसची गोळी" म्हणू नका.

एक राहिलंच. गोळी स्वतःच्या मनानं बंदही करू नका. अल्सर असलेल्यांना, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांना ती लागते. आणि धडधडीबरोबर घाम, चक्कर, जबडा किंवा हात दुखणं असेल तर गॅस समजून ओवा चावत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

साडूंना मी फाईल नेऊन दाखवली. म्हणाले, "इतकी वर्षं इकतोय, दुसऱ्या कुणाला काय झालं न्हाई." मी विचारलं, दुसऱ्या कुणाचं मॅग्नेशियम तपासलं होतं का? त्यांनी फाईल मिटून परत दिली.