झाडलेली गोळी, सुटलेली गोळी आणि बंदूक

‘गोळी झाडली’ आणि ‘गोळी सुटली’ यांत फरक आहे का, आणि झाडल्यावर गोळी नळीत राहते तरी किती वेळ, असा प्रश्न आहे.

फरक आहे. झाडतो माणूस, सुटते गोळी, आणि मध्ये वेळ जातो. ६० सेंटिमीटर नळीतून सेकंदाला ८०० मीटर वेगाने गोळी बाहेर पडत असेल, तर नळीतला प्रवास एक ते दीड मिलिसेकंदाचा. तेवढ्यात रायफल मागे सरकू लागलेली असते, म्हणून जाणते नेमबाज बार झाल्यावरही नेम मोडत नाहीत. ‘निमिषार्धात गोळी नळीबाहेर’ असे लिहिणारे तिला फारच मंद ठरवतात. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. त्याच्या निम्म्यात गोळी चाळीसेक मीटर गेलेली असते.

याहून संताप येतो तो ‘काडतूस छातीत घुसले’ याचा! पुंगळी, दारू आणि गोळी मिळून काडतूस. जाते ती गोळी; पुंगळी मागेच राहते.

पण खरी गंमत ‘बंदूक’ या शब्दात आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, टणक गोल कवचाचे फळ. काळ्या समुद्रालगतच्या पोंटसचे फळ म्हणून ग्रीकांनी त्याला ‘पोंटिकॉन’ म्हटले, त्याचेच हे रूप. फळावरून तशाच आकाराची गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. व्हेनिसचे अरबी नाव ‘अल्-बुंदुकिया’, म्हणून बंदूक व्हेनिसहून आली, असे काही जण ठासून सांगतात. मला हे साफ अमान्य आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. इजिप्तचा सुलतान बैबर्स याच्या नावात ‘अल्-बुंदुकदारी’ आहे. बुंदुकदार म्हणजे गोळ्या मारण्याचे धनुष्य सांभाळणारा सरदार. बैबर्स वारला १२७७ साली, तिथल्या फौजेत हातबंदुका येण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे दारूची बंदूक नव्हती तेव्हाही ‘बुंदुक’ गोळीच होती, आणि ती धनुष्यातून सुटत होती. यात व्हेनिसचा संबंध येतो कुठे?

‘तोफ’ही याच वळणाची: तुर्कीत ‘टॉप’ म्हणजे चेंडू आणि तोफ, दोन्ही. ‘रायफल’ मात्र वेगळी. ते नाव गोळीवरून आलेले नाही, गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या मळसूत्री खाचांवरून आले आहे.