टीईएममध्ये २० नॅनोमीटर, डीएलएसवर ६८. यंत्र बिघडलंय का?

यंत्राला काहीही झालेलं नाही. पीव्हीपी या पॉलिमरचं आवरण लावलेले चांदीचे कण टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) २० नॅनोमीटर, डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणाऱ्या यंत्रावर) ६८ आणि पीडीआय (आकारांत किती फरक आहे ते सांगणारा आकडा) ०.४, यातला खरा आकार कोणता, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरे. टीईएममध्ये धातूचा गाभा दिसतो, पीव्हीपी जवळजवळ दिसतच नाही. डीएलएस कणाकडे बघतच नाही. विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून कण पाण्यात किती भराभर भरकटतोय ते काढतं आणि तितकाच वेग असलेल्या गोळ्याचा व्यास सांगतं. त्यात पीव्हीपीही आलं आणि त्याला धरून फिरणारं पाणीही.

पण नुसत्या पीव्हीपीने पीडीआय ०.४ होत नाही. ते काम गुठळ्यांचं किंवा धुळीचं. विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे १०० नॅनोमीटरची एक गुठळी २० नॅनोमीटरच्या १५,६२५ कणांइतकी उजळते. टीईएमच्या फोटोत दोनशे कण मोजून ती सापडणार कशी?

गुठळ्यांचं मूळ बहुतेकदा पाण्यात असतं. एका कॉलेजातून छान पिवळा नमुना आला होता, पातळ केला होता कॉरिडॉरमधल्या कूलरच्या पाण्याने. विचारलं तर उत्तर, 'आरओच आहे की सर!' आरओ म्हणजे क्षारमुक्त नव्हे. त्यातलं क्लोराइड चांदीला खातं, कॅल्शियम कणांवरचा विद्युतभार झाकतं. दुपारपर्यंत नमुना करडा. त्याच मूळ द्रावणातून १८.२ मेगाओहमच्या, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यात केलेला दुसरा नमुना संध्याकाळीही पिवळाच होता.

पाणी ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा, पहिले काही थेंब फेका. क्युव्हेट (नमुना ठेवायची पारदर्शक कुपी) त्याच पाण्याने तीनदा विसळा, आतून टिश्यू फिरवू नका, धरायची ती वरच्या कडेला. नमुना गाळायची घाई नको, चांदी फिल्टरला चिकटते. गाळल्यावर रंग फिका पडला तर तुमचे कण फिल्टरात राहिले. एक मिलिलिटर हळूच भिंतीवरून सोडा, बुडबुडा नको. दोन-तीन वेगवेगळ्या विरलतांना मोजा. विरलतेबरोबर आकार बदलत असेल तर तो आकडा सोडून द्या.

तापमानाला कुणी किंमत देत नाही. ४ अंशांचं पाणी २५ समजून मोजलं तर आकार जवळपास १.९ पट येतो, कारण थंड पाणी जास्त चिकट, कण त्यात हळू भरकटतात. फ्रिजमधली बाटली थेट यंत्रात नको, आत ठेवल्यावरही निदान पाच मिनिटं थांबा. गुरुवारी लाईट जाऊन आली असेल तर लेसरला पुन्हा अर्धा तास द्या.

आकड्याआधी कोरिलोग्राम बघा, म्हणजे प्रकाशाच्या चढउताराचं आधीच्या क्षणाशी असलेलं साम्य किती लवकर पुसलं जातं त्याची रेषा. २० नॅनोमीटरच्या कणांची रेषा शंभरेक मायक्रोसेकंदांत बरीच खाली यायला हवी आणि शेवटी शून्यावर सपाट बसायला हवी. शेपटीला उंचवटा आला की धूळ.

आता खरं दुखणं. 'नंबर'चं, म्हणजे कोणत्या आकाराचे किती कण ते दाखवणारं बटण दाबलं की आलेख २२ वर येतो, गाइड खूश, टीईएमशी जुळलं! या एका बटणावरून माझे कितीतरी जणांशी वाद झालेत. तो आलेख मोजलेला नसतो, इंटेन्सिटीच्या (कोणत्या आकाराने किती प्रकाश विखुरला त्या) आलेखातून सहावा घात उलटा फिरवून काढलेला असतो, आणि मोजमापातली बारीक चूकही त्यात प्रचंड फुगते. पेपरात झेड-अ‍ॅव्हरेज (डीएलएसने दिलेला सरासरी आकार), पीडीआय, तापमान, माध्यम आणि विरलता द्या. रिव्ह्यूअरने नंबर मागितला तरी इंटेन्सिटीचाच आलेख द्या आणि कारण लिहा.

हो, एक राहिलं. हे सगळं गोल कणांचं. काड्या किंवा पत्रे असतील तर ६८ हा कशाचाच व्यास नाही. आणि २० व ४० नॅनोमीटरचे कण एकत्र असतील तर डीएलएसला ते वेगळे दिसत नाहीत, एकच रुंद शिखर येतं. टीईएमच्या फोटोंत तेवढं एकदा तपासा.