संशोधन-शंका : गाइडशिप आणि तिच्या पुढची कामं

प्रश्न : सांगलीतल्या वैद्यकीय महाविद्यालयात मी बायोकेमिस्ट्रीची कायमस्वरूपी सहायक प्राध्यापक आहे. पीएचडी झाली आहे, तीन पेपर छापून आलेत. गाइडशिप (पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याची मान्यता) मिळेल का? पहिल्या विद्यार्थ्याला जत तालुक्यातल्या मधुमेहींवर विषय द्यायचा विचार आहे.

उत्तर : यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार तुम्ही पात्र आहात. सहायक प्राध्यापकाला पीएचडी आणि तज्ज्ञांनी तपासून छापलेले किमान तीन पेपर लागतात. वरच्या दोन पदांसाठी पाच. एका वेळी तुम्हाला ४ विद्यार्थी घेता येतील, सहयोगी प्राध्यापकाला ६, प्राध्यापकाला ८. तरी पहिल्या वर्षी एकच घ्या. मान्यतेचा अर्ज भरण्याआधी आपल्या विद्यापीठाचे पीएचडीचे नियम वाचा.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. विषय मंजूर झाला म्हणून विद्यार्थी लगेच सिरिंज घेऊन गावात जाता कामा नये. एथिक्स कमिटीचं (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचं) पत्र हातात येण्याआधी घेतलेला नमुना वापरता येत नाही आणि मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. त्यामुळे कोर्सवर्क (पीएचडीच्या सुरुवातीचा अभ्यासक्रम, किमान १२ क्रेडिट) चालू असतानाच प्रोटोकॉल (संशोधनाचा सविस्तर आराखडा) आणि संमतीपत्र लिहायला लावा. संमतीपत्र फक्त मराठीत नको. जतच्या पूर्वेकडच्या गावांत कन्नड बोलतात, तिथे कन्नड प्रत हवी. ती वाचून दाखवणारा माणूसही कन्नड जाणणारा हवा, नुसता अंगठा उमटवून घेणं म्हणजे संमती नव्हे.

दुसरा घोटाळा साखरेचा. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर पेशी तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज खातात, उन्हाळ्यात आणखी जास्त. जतहून सांगली गाठेपर्यंत दोन तास सहज जातात. ग्लुकोजची ही घट रोखण्यासाठी असलेल्या फ्लुराइडच्या नळीवर विसंबू नका, पहिला तास-दोन तास तिचा फारसा उपयोग होत नाही. नळी लगेच बर्फात ठेवा आणि शक्यतो तिथेच सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे पेशींविना उरणारा रक्तातला द्रव, वेगळा काढा. एचबीए१सीसाठी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीसाठी) ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी थंड राहिली तर एवढी घाई नसते. पहिल्या फेरीला स्वतः सोबत जा. विद्यार्थी वहीत 'नमुने बर्फात' असं लिहितो आणि डब्यात दुपारपर्यंत नुसतं पाणी उरलेलं असतं!

नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचे असतील तर छोट्या नळ्यांत विभागून दोन वेगवेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. एक बंद पडला तरी निम्मे वाचतात, आणि वारंवार वितळवणंही टळतं.

संशोधन सल्लागार समितीपुढे विद्यार्थ्याला दर सत्रात सादरीकरण करावं लागतं. समितीचे निमंत्रक तुम्हीच असता, तारखा वेळेत काढा.

प्रश्न : मी कराडला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाइड दीड वर्षात निवृत्त होत आहेत. नोंदणी जाईल का? शिवाय, सगळं काम मी केलेल्या पेपरवर पहिलं नाव आपलंच असावं असं ते म्हणतात.

उत्तर : नोंदणी जात नाही. निवृत्तीपर्यंत ते मुख्य गाइड राहतील, पुढे सहमार्गदर्शक म्हणून वयाच्या सत्तरीपर्यंत. मात्र नवा मुख्य गाइड आत्ताच शोधा, कारण जागा रिकामी असलेला प्राध्यापक ऐनवेळी मिळत नाही. प्रवेशापासून एकूण मुदत ६ वर्षं आहे, पुनर्नोंदणी केल्यास आणखी २. महिलांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते.

नावाच्या क्रमाला यूजीसीचा नियम नाही. प्रयोग आणि पहिला मसुदा तुमचा असेल तर पहिलं नाव तुमचं आणि शेवटचं गाइडचं, हीच जीवशास्त्रातली रूढ पद्धत. कोणी काय केलं ते आत्ताच एका कागदावर लिहून संशोधन सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत नोंदवा. पेपर पाठवल्यावर हा वाद उकरला तर संपादक तो संस्थेकडेच परत पाठवतात.