उघड्यावरचं संगीत नाटक बघायला निघालेल्या मुलीला

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कार्यक्रमपत्रिका मिळाली. नदीकाठचं मैदान, जानेवारीतल्या तीन संध्याकाळी, महोत्सवाचं पहिलंच वर्ष. पहिल्या दिवशी ‘संगीत सौभद्र’, दुसऱ्या दिवशी ‘कट्यार काळजात घुसली’, तिसऱ्या दिवशी तुझ्याच वयाच्या मुलांनी लिहून चाली लावलेलं नवं नाटक. तू विचारतेस, एकच दिवस जमणार आहे तर कुठला गाठू? दुसरा गाठ.

याचं कारण नाटकात नाही, समईत आहे. नव्या महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी दीपप्रज्वलन असतं, प्रास्ताविक असतं, शाली-श्रीफळं असतात, देणगीदारांची यादी असते आणि एक पाहुणे हमखास वाटेत अडकलेले असतात. पत्रिकेत साडेसहा छापलंय, तर नांदी साडेसातच्या आत होईल असं धरू नकोस. सुरुवात अशी लांबते, शेवट मात्र लांबवता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त नाट्यगृहाला यातून सूट आहे, मैदानाला नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस मोठ्या सणांनाच पुरत नाहीत. तेव्हा भाषणांनी खाल्लेला तास नाटकातूनच वजा होतो, आणि कात्री आधी पदांवर चालते.

‘सौभद्र’सारख्या नाटकाला हे फार लागतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं, १८८२ साली ‘सौभद्र’ आणलं, तेव्हा प्रेक्षकांना घरी जायची घाई नव्हती. पाच-सात अंकांची नाटकं, पदांवर पदं, आवडलेल्या पदाला वन्समोअर. त्यातच ‘प्रिये पहा’ हे पद आहे. रात्र सरली, पहाट होतेय, असं कृष्ण रुक्मिणीला सांगतो, आणि चालही देसकारातली, म्हणजे सकाळच्या रागातली. आता ते पद पावणेदहाच्या सुमारास, पोलीस येण्याआधी उरकायचं! माझी त्याला हरकत नाही. चांगला गाणारा पावणेदहालाही पहाट करतो. फक्त तीन कडव्यांचं एक कडवं झालेलं दिसलं, तर तो कंजूष गातोय असं समजू नकोस.

मला तुला मुख्यतः हेच सांगायचं आहे. उघड्यावर जे बिघडतं, त्यातलं निम्मं हवेचं, घड्याळाचं आणि यंत्राचं असतं, उरलेलं गाणाऱ्याचं. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवता आला पाहिजे. हवेच्या चुका माफ कर. गाणाऱ्याच्या करू नकोस.

हवेचं कसं असतं ते सांगतो. बंद नाट्यगृहात भिंती आणि छत आवाज परत देतात, गाणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकू येतो. मैदानात सूर गेला तो गेला. समोरचा मॉनिटर, म्हणजे नटाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, नीट लावलेला नसेल तर नट स्वतःला ऐकू येण्यासाठी जोर लावतो, आणि जोर लावला की सूर चढतो. पहिल्या दोन पदांत असं झालं तर थांब. जाणता नट तिसऱ्या पदापर्यंत सावरतो. नाही सावरला, तर मग ते त्याचं. आणखी एक गंमत: दिवसा तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो, रात्री जमीन निवली की खाली वळतो आणि लांबवर जातो. रात्री पलीकडच्या वाडीतलं भजन अंगणात ऐकू येतं ते यामुळेच. म्हणून उघड्यावरचा दुसरा अंक पुष्कळदा पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतो. मध्यंतरात उठून जाणाऱ्यांना हे कधी कळतच नाही.

दव पडायला लागलं की तबल्याची पंचाईत. पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ओल धरते, सैल पडते, तबला उतरतो. वरून प्रखर दिवे असतील तर तीच पुडी सुकून चढते. ऑर्गनचे सूर मात्र बांधलेले. तो कुणासाठी खाली-वर होत नाही. त्यामुळे दर प्रवेशाला तबलजीला हातोडी घेऊन ऑर्गनपाशी यावं लागतं. त्या ठकठकीला कंटाळू नकोस. ती ऐकू आली नाही तर उलट काळजी कर.

बसायचं कुठे? पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर नाही; ते पाहुण्यांचे, आणि तिथे नटाचे पाय जास्त दिसतात. तुला दोन जागा सुचवतो. गाणं नीट ऐकायचं असेल तर ध्वनियोजकाच्या टेबलाच्या आसपास, कारण तो माणूस स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं तेच मैदानाला देतो. आणि शिकायचं असेल तर साथीदारांच्या बाजूला, जितकं जवळ जाता येईल तितकं. तुला शिकायचंय, म्हणून दुसरी जागा. रंगमंचाकडे सगळेच बघतात. तू ऑर्गनवाल्याकडे बघ. नटाचं वाक्य संपायच्या आधीच त्याची बोटं पुढच्या पदाच्या सुरावर येऊन थांबलेली असतात. नट वाक्याचा शेवट किंचित लांबवतो, त्यात तो सूर पकडतो, आणि बोलता बोलता गायला लागतो. तो सांधा दिसला नाही तर नाटक जमलं. सांधा दिसला, म्हणजे नट बोलायचा थांबला, माइक सावरला, पवित्रा घेतला आणि मग ‘गाणं’ सुरू केलं, तर हवेला दोष देऊ नकोस.

‘कट्यार’ पहिल्यांदा बघणाऱ्याला याच कारणाने सोपं जातं. १९६७ सालचं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. त्यातली माणसं मुळात गवई, भांडणही घराण्यांचं, त्यामुळे ती का गातात असा प्रश्न पडत नाही. ‘सौभद्रा’त तसं नाही. तिथे रुसवा, थट्टा, कारस्थान सगळं पदांतूनच. पुढच्या वर्षी ‘सौभद्र’ असेल तर ‘कट्यार’ पचवून जा.

टाळ्यांबद्दल. ठेक्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत सामील होऊ नकोस, विशेषतः मागे बसली असशील तर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटरवर बसलीस तर ठेका तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग, तुझी टाळी परत जायला तेवढाच. द्रुत लयीत तेवढ्यात अख्खी मात्रा निघून जाते, आणि हजार माणसं एका मात्रेने मागे वाजवायला लागली की तबलजीचे हाल कुत्रा खात नाही. तान संपून मुखडा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की मग मनसोक्त वाजव. वन्समोअर द्यायचा तर पद संपताक्षणी, पुढचं वाक्य सुटायच्या आत. एकदाच. ज्या नाटकावर दहाची टांगती तलवार आहे, तिथे तिसरा वन्समोअर मागणारा रसिक नव्हे, तो शेवटच्या प्रवेशाचा वैरी.

उघड्यावरचं नाटक ही काही महोत्सववाल्यांची नवी टूम नाही, हेही लक्षात असू दे. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतार असाच होतो. एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज, आणि लिहिलेली संहिता नाहीच, संवाद जागच्या जागी. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावचे हौशी लोक अजून संगीत नाटकं करतात. तिथला प्रेक्षक नटाला पदात चुकू देत नाही, कारण पदं त्याच्या तोंडपाठ असतात. तुमच्या मैदानावर तसा प्रेक्षक अजून नाही. तो तयार व्हायला वर्षं लागतील, आणि तोवर आयोजक टिकले तर.

सोबत शाल किंवा कानटोपी ने, डासांचं मलम ने, बसायला सतरंजी ने. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन तासांनी पाठ मोडतात. फोनवर एखादं पद टिपून ठेवायला हरकत नाही, पण स्क्रीनचा उजेड मागच्यांच्या डोळ्यांत जातो, तेव्हा फक्त आवाज टिप. गालाला चिकटवलेला माइक घामाने सुटला, वाऱ्याने फरफरला, मध्येच कर्कश शिट्टी आली, तर हसू नकोस. पहिलं वर्ष आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत ध्वनियोजकाला मैदान कळलेलं असतं. दुसरा दिवस सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.

आता तिसऱ्या दिवसाचं. ऑफिसातून कसंही करून सुटता आलं तर त्या दिवशीही जा. नवं नाटक फसेल बहुधा. माझा अंदाज सांगतो, आशा नव्हे. नव्या मुलांच्या चाली चांगल्या असतात, पण पद कुठे टाकायचं हे त्यांना कळत नाही. प्रसंग संपला की गाणं, असं करतात. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली जिथून मिळाल्या तिथून उचलल्या, आणि पदाकडून संवादाचं काम करून घेतलं. पुढे मैफलीची गायकी आली, १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला गवई भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, गाणं मोठं झालं आणि कधीकधी नाटक त्याच्याखाली दबलं. ही मुलं यातून काय उचलतात ते मला हवंय. प्रयोगानंतर विंगेत जाऊन त्यांना गाठ आणि एखादं पद काढून टाकलं तर गोष्ट अडते का, एवढंच विचार. अडत नसेल तर कुठलं पद, ते मला कळव.

आणि पत्र लिहिशील तेव्हा ‘छान झालं’ असं लिहू नकोस. कुणी कुठल्या वाक्यावरून पद कसं उचललं, तबला किती वेळा मिळवला, लोक कुठल्या क्षणी उठायला लागले, ते लिही. मी दुसऱ्या दिवशी येतोय. साथीदारांच्या बाजूला सापडेन.

तुझा,
काका